मापातले पाप

मोटारीच्या धडकेच्या चाचणीत स्टीअरिंगमागे जो पुतळा बसवतात, त्याची उंची सुमारे १७५ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ७८ किलो. ‘हायब्रिड थ्री’ हे त्याचे नाव. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७६ साली तो तयार केला आणि पुढे जगभर तोच सुरक्षेची कसोटी होऊन बसला. सीटबेल्टचा पट्टा छातीवरून कुठून जावा, एअरबॅग किती जोरात फुगावी, हे त्याच्या अंगावर ठरत गेले. नंतर त्याच्या जोडीला स्त्रीचा पुतळा आला. पण तो १५० सेंटिमीटर उंचीचा आणि ४९ किलो वजनाचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत लहान चणीच्या स्त्रियांपुरता. शिवाय तो बऱ्याच अंशी पुरुषाचाच पुतळा आटवून केलेला होता. मागून बसणाऱ्या धडकेत मानेला हिसका बसतो, त्या चाचणीसाठी सर्वसाधारण बांध्याच्या स्त्रीचा पुतळा स्वीडनमधील संशोधक ॲस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जगापुढे आणला. तो १६२ सेंटिमीटर उंच आणि ६२ किलो वजनाचा आहे. तोवर स्त्रिया कित्येक दशके मोटारी चालवत होत्या आणि अपघातांत सापडतही होत्या.

व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. पट्टा लावलेल्या स्त्री-चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच अपघातातल्या पुरुषापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त असल्याचे त्यांना आढळले. त्याच विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात समोरून होणाऱ्या धडकेत हा फरक ७३ टक्के निघाला. सगळा दोष पुतळ्याच्या माथी मारता येणार नाही. अमेरिकेतल्याच विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये दाखवून दिले की स्त्रियांच्या गाड्या बहुधा लहान आणि हलक्या असतात आणि फरकाचा मोठा वाटा तिथून येतो. मात्र तो वजा केल्यावरही पायांच्या इजांमधली तफावत उरते. तिचे उत्तर शरीरातच शोधावे लागते.

आता हेच माप आपल्याकडे लावून पाहू. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर. तिकडे जी अगदी टोकाची म्हणून मोजली गेली, ती इथे घरोघरची बाई आहे. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे ‘भारत एनकॅप’ ही स्वतःची चाचणी सुरू झाली, हे चांगलेच झाले. पण तिच्यातही समोरच्या धडकेच्या वेळी पुढच्या आसनांवर बसतो तो त्याच १७५ सेंटिमीटरच्या पुरुषाचा पुतळा.

मला या लेखात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. कोणतीही वस्तू घडवताना कुणीतरी बाहेर राहते. सगळ्यांना बसेल असे आसन, असे अवजार, असा ओटा आजवर कुणाला साधलेला नाही, आणि हा काही गुन्हा नाही. पाप आहे ते कुणाला बाहेर ठेवले हे न सांगण्यात. पूर्वी ते सांगणे खरोखरच अवघड होते. संगणकातल्या डिजिटल मानवामुळे आता ते मोजता येते, पडद्यावर दाखवता येते. त्यामुळे ‘आम्हाला माहीत नव्हते’ ही सबब संपली आहे.

संगणकात माणूस उभा करण्याची कल्पना तशी जुनी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बोइंगने विमानाच्या कॉकपिटसाठी ‘बोमन’ बनवला. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात ‘सॅमी’चे काम सुरू झाले, ते पुढे लफबरो विद्यापीठात वाढले. १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॉर्मन बॅडलर यांच्या प्रयोगशाळेतून ‘जॅक’ आला, तर जर्मनीत मोटार उद्योगासाठी ‘रॅमसिस’ घडला. आज कारखान्यातली जुळणीची रांग, विमानाची आसने, ट्रॅक्टर, शस्त्रक्रियेची टेबले अशा कितीतरी गोष्टी प्रत्यक्षात उतरण्याआधी अशा माणसांवर तपासल्या जातात.

हे तपासणे कसे चालते, ते बसचालकाच्या केबिनमध्ये नीट दिसते. आराखडा करणारा संगणकाला एका माणसाची मापे देतो: उभी उंची, बसलेली उंची, मांडी, पोटरी, हात, कंबरेचा घेर. त्या मापांचे शरीर तयार होते. मग त्याचा खुब्याचा सांधा आसनावर ठरावीक बिंदूत टेकवायचा, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवायचा, हात स्टीअरिंगवर. गुडघा किती वाकेल, पाठ किती कलेल, मान कुठे येईल, हे प्रत्यक्ष माणसे कशी बसतात याच्या नोंदींवरून संगणक काढतो. डोळ्यांपासून दृष्टीची रेषा ओढली की काचेखालचा रस्त्याचा कोणता तुकडा चालकाला दिसणार नाही, तेही कळते. आता चालक बदलायचा आणि पंधरा सेंटिमीटरने बुटकी व्यक्ती बसवायची. पाय पोहोचत नाही म्हणून आसन पुढे सरकते. आसन पुढे आले की पोट आणि स्टीअरिंग यांतले अंतर कमी होते. डोळे खाली आल्याने डॅशबोर्डची कड वर येते आणि बसच्या नाकासमोरचा रस्ता आणखी झाकला जातो. आसन उंच करावे, तर पुन्हा टाच जमिनीपासून सुटते. एक गाठ सोडवावी तर दुसरी बसते. कागदावरच्या मापांच्या तक्त्यात ही गुंतागुंत दिसत नाही. तिथे पायाचे माप एका ओळीत असते आणि डोळ्यांची उंची दुसऱ्या ओळीत. एका शरीरात ती दोन्ही एकदम कशी नांदतात, हे तक्ता सांगत नाही.

चुकीचे मूळही इथेच आहे. आपण माणसाला एका मापाने ओळखतो, आणि ‘सरासरी’ नावाचे माप सर्वांच्या जवळचे असणार असे धरून चालतो. या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने. १९५० च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाने चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे घेतली होती. कॉकपिटच्या दृष्टीने महत्त्वाची दहा मापे डॅनियल्सने निवडली आणि प्रत्येक मापात मधल्या ३० टक्क्यांत मोडणाऱ्याला ‘सरासरी’ म्हणायचे ठरवले. अट सैलच होती. तरी ४,०६३ जणांमध्ये दहाही मापांत सरासरी असा एकही माणूस सापडला नाही. मापे दहाऐवजी तीनच घेतली, तरी सरासरी ठरणारे साडेतीन टक्क्यांहून कमी निघाले. ज्याच्यासाठी कॉकपिट बेतले होते, तो वैमानिक त्या दलात नव्हताच. पुढे आसने, पेडल, पट्टे पुढे-मागे करता येतील असे बनू लागले, त्यामागे याच निष्कर्षाचे बळ होते.

सरासरी सोडून लोक टोकांकडे वळले. सर्वांत लहान पाच टक्के आणि सर्वांत मोठे पाच टक्के बाजूला ठेवायचे, मधल्या नव्वद टक्क्यांना धरून चालायचे, असा शिरस्ता पडला. आजही कित्येक आराखड्यांत हाच हिशेब दिमाखाने मांडला जातो. तोही फसवा आहे. प्रत्येक मापाला वेगवेगळी माणसे बाहेर पडतात. उंचीत बसलेला हाताच्या लांबीत अडतो, हातात बसलेला मांडीच्या लांबीत. १९७२ मध्ये मोरोनी आणि स्मिथ यांनी अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांची तेरा मापे घेऊन हा हिशेब पुरा केला, तेव्हा दहा टक्क्यांऐवजी निम्म्याहून अधिक माणसे बाहेर पडली. ‘नव्वद टक्क्यांसाठी’ म्हणून विकली जाणारी वस्तू निम्म्यांनाच बसत असेल, तर नव्वद हा आकडा ग्राहकाची फसवणूक आहे.

डिजिटल मानवाची खरी ताकद इथे उपयोगी पडते. एकच उंच आणि एकच ठेंगणा माणूस न घेता वेगवेगळ्या ठेवणीच्या शरीरांचा संच घेता येतो: आखूड पाय आणि लांब धड, लांब हात आणि अरुंद खांदे, बुटकी उंची आणि मोठा घेर. अशी सतरा शरीरे निवडून त्यांतून लोकसंख्येतले बहुतेक फरक पकडण्याची एक पद्धत गेल्या शतकाच्या अखेरीसच प्रचारात आली. आता तर हजारो शरीरे एका रात्रीत त्याच आसनावर बसवून पाहता येतात. लाकडाचा नमुना सुतारकामाने बनवून पाच-पंचवीस माणसांना बोलावण्याच्या काळात जे परवडत नव्हते, ते आज एका चांगल्या संगणकावर होते.

हे आपल्या रोजच्या जगण्यात किती खोल शिरते, ते पाहायला स्वयंपाकघराचा ओटा पुरे आहे. आपल्याकडे ओटा साधारण ३२ ते ३४ इंचांचा, म्हणजे ८१ ते ८६ सेंटिमीटरचा बांधतात. उभ्या माणसाचे कोपर त्याच्या उंचीच्या सुमारे ६३ टक्क्यांवर येते. हलक्या हाताच्या कामाला, जसे भाजी चिरायला, पृष्ठभाग कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली हवा. जोर लावायच्या कामाला, जसे कणीक मळायला किंवा पोळ्या लाटायला, तो आणखी खाली हवा. १४८ सेंटिमीटर उंचीच्या सासूबाईंचे कोपर ९३ सेंटिमीटरवर येते. ८५ सेंटिमीटरच्या ओट्यावर लाटताना त्यांचे खांदे उचलले जातात, कोपरे बाहेर फाकतात, अंगाचा भार लाटण्यावर येत नाही आणि सगळा जोर मनगटाला लावावा लागतो. त्याच घरातली १६८ सेंटिमीटरची सून त्याच ओट्यावर भाजी चिरताना मान आणि पाठ वाकवून उभी राहते.

त्यातही शेगडीचा विचार कुणी केलेला नसतो. आपल्याकडे बहुतेक घरांत शेगडी ओट्यावर ठेवलेली असते, ओट्यात बसवलेली नसते. ओटा ८५, त्यावर शेगडी दहा-बारा, त्यावर मोठे पातेले वीस-बावीस: पातेल्याची कड ११५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. सासूबाईंचा खांदा १२१ सेंटिमीटरवर आहे. म्हणजे उकळत्या आमटीत पळी फिरवताना त्यांचा हात जवळजवळ खांद्याच्या पातळीत धरावा लागतो, आणि वाफ थेट चेहऱ्यावर येते. शेगडीपुरता ओटा खाली घ्यायला गवंड्याला फारसा जादा खर्च येत नाही. पण त्यासाठी आराखड्यात कुणीतरी पोळ्या लाटणारी, आमटी ढवळणारी बाई उभी करावी लागते. आपल्या घरांच्या नकाशांत पलंग असतो, सोफा असतो, मोटार उभी करायची जागा असते. काम करणारे शरीर मात्र नसते.

घरांचा विषय निघाला की वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएचे उदाहरण टाळता येत नाही. त्याने ‘मोड्युलर’ ही मापपद्धती एका कल्पित पुरुषावर उभी केली. आधी तो १७५ सेंटिमीटरचा होता, मग सहा फुटांचा झाला. ती पद्धती त्याने चंदीगडच्या इमारतींतही वापरली. सुंदर इमारतींचा मी चाहता आहे. पण जिथे बहुसंख्य स्त्रिया त्या पुरुषाच्या खांद्याला लागतात, अशा देशात सहा फुटी माणूस हे मानवी माप म्हणून आले आणि त्याबद्दल फारसा कुणी प्रश्न केला नाही, हे विसरता कामा नये.

आपल्याकडे मापे घेतली गेली नाहीत असे मात्र नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. डिझाइनच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या पुढाकाराने शेतीतल्या श्रमशास्त्राचा अखिल भारतीय प्रकल्प चालला. त्यात एल. पी. गीते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या राज्यांतल्या हजारो शेतकरी-शेतमजूर स्त्रीपुरुषांची मापे घेतली, आणि मापांबरोबर हातापायांचा जोरही मोजला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइझ’ या उपक्रमात मुंबईसह सहा शहरांमध्ये पंचवीस हजारांहून अधिक लोकांची शरीरे स्कॅनरने टिपण्याचे काम हाती घेतले, म्हणजे तयार कपड्यांचे भारतीय माप ठरेल. ही कामे मोलाची आहेत. ती करणाऱ्यांचे नाव समाजाला ठाऊक नसते, याची मला खंत वाटते.

पण मापे असणे आणि ती आराखडा करणाऱ्याच्या पडद्यावर पोहोचणे यांत मोठे अंतर आहे. शरीराचा आकार दाखवणाऱ्या आजच्या संगणकीय मॉडेलांपैकी सर्वाधिक वापरले जाणारे एक जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये मांडले. माणसे किती तऱ्हेची असतात, हे ते ‘सीझर’ नावाच्या सर्वेक्षणातून शिकले. ते सर्वेक्षण झाले उत्तर अमेरिका, नेदरलँड्स आणि इटली इथे. त्यात संशोधकांचा दोष नाही. त्यांच्यापुढे जी शरीरे होती, त्यांतून ते शिकले. दोष आहे तो ते मॉडेल जसेच्या तसे उचलून इथल्या माणसावर बेतणाऱ्यांचा. परक्या शरीराला नुसते लहान केले की आपले शरीर होत नाही. पुरुषाचा पुतळा आटवून स्त्री झाली नाही, तसेच हे आहे.

आणि उंची-रुंदी जुळली, तरी बसणे-उठणे जुळत नाही. विदर्भ-मराठवाड्यात खुरपणी करणारी बाई तासन् तास उकिडवी बसून पुढे सरकत असते: टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे छातीशी, डाव्या हाताने रोप सांभाळत उजव्या हाताने खुरपे चालवायचे. तिला आसन नाही, पाठ टेकायला काही नाही. मोटारीसाठी घडलेल्या डिजिटल मानवाच्या सगळ्या गणिताचा पायाच आसन आहे. त्याला उकिडवे बसवायला गेले की गणिताचा आधारच निसटतो. भातकापणीत विळ्याची मूठ धरलेल्या हाताची पेरे जमिनीवर घासतात, ओल्या मुठीवर पकड सुटते, संध्याकाळी मनगट सुजते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हलका, दातेरी ‘वैभव’ विळा दिला. कापणारीच्या हाताकडे पाहून अवजार घडवले की काय साधते, याचे ते उदाहरण आहे. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, फवारणीचा पंप यांच्याबाबत असा विचार किती झाला? पाठीवरच्या पंपाचे पट्टे बाईच्या खांद्यावरून घसरतात, आणि ती ते ओढणीने किंवा दोरीने आवळून बांधते. तिच्या अंगाने काढलेली ही दुरुस्ती कारखान्यापर्यंत कधी पोहोचत नाही.

डिजिटल मानवाचा धोकाही याच ठिकाणी आहे. पडद्यावरचा माणूस हुबेहूब दिसतो, म्हणून त्याच्यावर विश्वास पटकन बसतो. तो थकत नाही, त्याला कंप नाही, संधिवात नाही. तो गरोदर नसतो, काठी टेकत नाही, घामाने त्याची मूठ निसटत नाही. म्हणून मला लफबरो विद्यापीठातला ‘हेड्रियन’ हा प्रकल्प फार महत्त्वाचा वाटतो. तिथल्या संशोधकांनी सरासरी आणि टक्केवारी बाजूला ठेवून शंभर खरी माणसे घेतली, त्यांत बरीचशी वयस्क किंवा अपंग. प्रत्येकाची मापे, सांध्यांची हालचाल आणि रोजची कामे करण्याची त्याची रीत त्यांनी नोंदवली. आराखडा तपासताना संगणक सांगतो की या शंभरांपैकी इतक्यांना हे जमणार नाही. आणि पुढे तो ती माणसे दाखवतो. हिचा हात वर जात नाही, याला वाकता येत नाही. शंभर हा आकडा लहान आहे. पण वगळलेला माणूस आकड्यात विरघळत नाही, समोर उभा राहतो. आराखडा करणाऱ्याला त्याच्या डोळ्यांत पाहून निर्णय घ्यावा लागतो.

यावर आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. सगळ्यांसाठी बनवायचे तर वस्तू महाग होईल, असे उद्योजक म्हणतात. पण खर्च आजही होतोच आहे. तो फक्त कंपनीच्या वहीत लिहिला जात नाही. तो पाठदुखीच्या औषधांत, बुडालेल्या मजुरीत, अपघाताच्या बिलात चुकता होतो, आणि तो भरणारा बहुधा गरीब असतो. शिवाय चूक पडद्यावर असताना सुधारणे स्वस्त असते. साचे तयार झाल्यावर तीच चूक महागात पडते.

दुसरा आक्षेप असा की माणूस जुळवून घेतो, सवय होते. होते, यात शंका नाही. ज्याच्या हातात बदलण्याचे काही नाही, तो दुसरे काय करणार? बाई पाट घेऊन त्यावर उभी राहते, चालक आसनावर घोंगडी घालतो. या जुळवून घेण्याला संमती समजणे हा अन्याय आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: खरी माणसे आहेतच, मग त्यांनाच का विचारू नये? विचारलेच पाहिजे. संगणकातला माणूस हा खऱ्या माणसाला पर्याय होऊ शकत नाही. त्याने शंभर आराखड्यांतून पाच चांगले निवडावेत. पण त्या पाचांचा निवाडा खुरपणाऱ्या बाईने, बस चालवणाऱ्याने, ओट्यापाशी उभ्या राहणारीने करावा. पडद्यावर हिरवी खूण आली म्हणून शेतात जायचे टाळले, तर हे साधन उपकारक होण्याऐवजी अपायच करील.

मग करायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात. सार्वजनिक पैशातून घेतलेली शरीरमापे, नावगाव काढून टाकून, प्रत्येक विद्यार्थ्याला आणि छोट्या कारखानदाराला खुली असावीत. शरीराचे स्कॅन ही त्या माणसाची खासगी गोष्ट आहे, तेव्हा २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याच्या चौकटीत त्याची संमती घेऊनच हे व्हावे. दुसरे, मापे घेण्याचे काम शहरातल्या स्कॅनरपाशी थांबू नये. शेत, वीटभट्टी, अंगणवाडी, वृद्धाश्रम, अपंगांच्या शाळा इथे ते पोहोचले पाहिजे, आणि उभ्या शरीराबरोबर उकिडव्या, मांडी घातलेल्या, ओझे उचललेल्या शरीराचेही मोजमाप झाले पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत परिणामकारक. सरकार, महानगरपालिका, परिवहन महामंडळे जे काही विकत घेतात, मग ती बस असो, शाळेचा बाक असो, रुग्णालयातली खाट असो की अनुदानावरचे शेती अवजार, त्याच्या निविदेत एक ओळ सक्तीची करावी: ही वस्तू कोणत्या लोकांच्या मापांवर तपासली, किती जणांना ती वापरता येणार नाही, आणि ते कोण आहेत. उत्तर ‘कुणीही बाहेर नाही’ असे कधीच येणार नाही, आणि येऊही नये. पण एका कंपनीने पंधरा टक्के स्त्रिया बाहेर ठेवल्या आणि दुसरीने पाच, हे जेव्हा खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर आणि माहितीच्या अधिकाराखाली नागरिकाच्या हातात येईल, तेव्हा आराखड्यांची स्पर्धा योग्य दिशेने सुरू होईल. दुकानदाराच्या तराजूवर सरकारी शिक्का लागतो, कारण माप हा विश्वासाचा व्यवहार आहे हे आपण फार पूर्वी मान्य केले. माणसाच्या मापाच्या बाबतीतही तो हिशेब उघडा मागण्याची वेळ आली आहे, आणि तो मागायला लागणारे साधन आज आपल्या हातात आहे.